वैशाखातील काचेची टाकी : चिलर निवडण्यापूर्वी मांडावयाचा हिशेब

चैत्र सरून वैशाख तापू लागला की घरोघरी उन्हाळ्याची तजवीज सुरू होते. गच्चीला पांढरा रंग लागतो, खिडक्यांना वाळ्याचे पडदे येतात, माठाखालची वाळू ओली केली जाते, वातानुकूलन यंत्राच्या सर्व्हिसिंगसाठी माणूस बोलावला जातो. या साऱ्या धावपळीत दिवाणखान्यातील मत्स्यालयाकडे लक्ष जाते ते एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागल्यावरच. उकाडा असह्य झाला तर माणूस सावलीत सरकतो. टाकीतील जिवाला सरकण्यास दुसरी जागा नसते.

मासे घरात पाळावेत की नाहीत, याविषयी आपल्या समाजात दोन मते आहेत. जीवाला काचेत कोंडणे मुळातच गैर, असे मानणारी वडीलधारी मंडळी अनेक घरांत आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. परंतु नातवंडांच्या हट्टापायी असो, पेढीच्या सजावटीसाठी असो, ज्या घरात टाकी आलेलीच आहे, त्या घरावर त्या जिवांची जबाबदारीही आलेली आहे. उन्हाळ्यात निभत नाही म्हणून मासे तळ्यात सोडून देणे ही दया नव्हे. परदेशी जातीचे मासे एक तर नव्या पाण्यात मरतात किंवा फोफावून तेथील मूळ माशांचे अन्न आणि जागा बळकावतात. शोभेचा म्हणून आणलेला सकरमाउथ कॅटफिश आज देशातील अनेक नद्यांत आणि तलावांत पसरला आहे, तो अशाच सुटकेमुळे.

तेव्हा प्रश्न उरतो तो टाकीतील पाणी थंड राखण्याचा. बाजारात त्यासाठी चिलर मिळतो. तो स्वस्त वस्तूंपैकी नाही. तो घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर फसगत टळते. चिलर 'किती लिटरचा' यावरून निवडायचा नसतो. टाकीत दर तासाला किती उष्णता शिरते त्यावरून निवडायचा असतो. आणि त्याची किंमत म्हणजे पावतीवरील आकडा नव्हे, तर पुढील पाच वर्षांत त्यापायी खिशातून जाणारी एकूण रक्कम.

पाणी तापले म्हणजे काय होते?

माशाचा श्वास पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर चालतो, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना तो सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येतो. दुसरीकडे, उष्णतेमुळे माशाच्या शरीरातील व्यवहार जलद होतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. व्यापारी माणसाला या स्थितीचे गांभीर्य निराळे सांगायला नको.

यात अमोनियाची भर पडते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचा काही भागच विषारी रूपात असतो आणि तो भाग तापमानाबरोबर वाढतो. पाण्याचा सामू ८ असेल तर २० अंशांना जेवढा विषारी भाग असतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट ३० अंशांना असतो. कालपर्यंत चालून गेलेला खाद्याचा अतिरेक म्हणूनच मे महिन्यात जिवावर बेततो.

चिलर खरोखरच हवा का?

यंत्र विकत घेण्याआधी हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा, कारण बहुसंख्य घरांसाठी त्याचे उत्तर 'नको' असे आहे. गप्पी, मोली, एंजल हे उष्ण प्रदेशातील मासे. २८ अंशांपर्यंत ते सुखाने राहतात आणि पाण्यात हवा भरपूर खेळती ठेवली तर त्याहून थोडा अधिक ताप काही काळ सोसतात. डिस्कससारख्या माशाला तर २८ ते ३० अंश हेच मानवते. याउलट गोल्डफिशला १८ ते २४ अंश बरे वाटतात. केरळच्या डोंगरी ओढ्यांतून येणारा देखणा डेनिसन बार्ब थंड, वाहत्या पाण्याचा जीव आहे. क्रिस्टल झिंग्यांनाही २४ अंशांच्या खालचे पाणी लागते.

समुद्री मत्स्यालयाचा हिशेब सर्वांत कडक. तेथे पाणी २४ ते २७ अंशांत स्थिर ठेवावे लागते. प्रत्यक्ष समुद्रातही उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी अवघा एक अंश अधिक काही आठवडे राहिले, तर प्रवाळ पांढरे पडू लागतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच संकट आले होते. येथे एक सूचना आवश्यक आहे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून समाविष्ट आहेत. वाघाला मिळते तेच संरक्षण त्यांना आहे. कोणी 'आपल्याच समुद्रातले' म्हणून असे प्रवाळ विकू लागला, तर चिलरचा विचार दूरच राहो, त्या दुकानाची पायरीच चढू नये.

ज्यांना केवळ दोन-तीन अंश उतरवायचे आहेत, त्यांनी आधी साधे उपाय करावेत. टाकी पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून हलवावी. दिवे भर दुपारी न लावता संध्याकाळी लावावेत. झाकण उघडून त्याऐवजी जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा देणारा छोटा पंखा लावावा. पंख्याचा प्रताप बाष्पीभवनात आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावते. त्यातील अर्धा लिटर उडून गेले तर उरलेले पाणी सुमारे दीड अंशाने थंड होऊ शकते. माठाचे पाणी गार होते ते याच न्यायाने.

मात्र माठाची मर्यादा पंख्यालाही आहे. जळगाव, सोलापूर, नागपूर येथील कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील दमट हवेत तो दुबळा पडतो. शिवाय उडालेले पाणी रोज भरावे लागते. समुद्री टाकीत वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. म्हणून तेथे भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. खारे पाणी ओतत राहिल्यास खारेपणा दिवसेंदिवस वाढत जाईल.

एवढे करूनही माशांच्या गरजेपेक्षा पाणी वरच राहत असेल, तरच चिलरकडे वळावे.

उष्णतेचे माप घरच्या घरी

चिलरच्या खोक्यावर '२०० लिटरसाठी', '३०० लिटरसाठी' असे लिहिलेले असते. हा आकडा खोटा असतो असे नाही, पण अपुरा असतो. खोली २५ अंशांवर असताना जे यंत्र ३०० लिटर पाणी सांभाळते, तेच ३८ अंशांच्या खोलीत निम्म्या पाण्यालाही पुरे पडेल याची शाश्वती नाही. अश्वशक्तीचा आकडाही असाच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे खरे. परंतु ते माप कॉम्प्रेसरच्या मोटारीचे आहे. यंत्र पाण्यातून किती उष्णता काढील, ते त्यावरून कळत नाही.

यावर एक साधी कसोटी आहे. तिला तापमापक, घड्याळ आणि बेरीज-गुणाकार एवढेच लागते. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने बदलण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे शाळेत शिकलेले सूत्र येथे कामी येते. मासे आणण्यापूर्वी, ऐन उन्हाळ्यातील दुपारी टाकी भरावी. बर्फ घालून पाणी हव्या त्या तापमानावर, समजा २६ अंशांवर आणावे. सगळा बर्फ विरघळला की पंप आणि दिवे नेहमीप्रमाणे चालू ठेवून दोन तास नोंद ठेवावी. तासाला किती अंश चढले, त्याला लिटरने गुणावे. येणारा आकडा म्हणजे तासाला टाकीत शिरणारी उष्णता. त्याला १.१६ ने गुणले की ती वॅटमध्ये मिळते.

उदाहरण घेऊ. १९० लिटरची टाकी, खोली ३४ अंश, पाणी २६ अंश. तासाला ०.६ अंश वाढ झाली. १९० गुणिले ०.६ म्हणजे ११४ किलोकॅलरी, अर्थात सुमारे १३३ वॅट. आता विक्रेत्याकडे 'तीन फुटी टाकीसाठी चिलर द्या' असे मागण्याऐवजी 'पस्तीस अंशांच्या खोलीत किमान २५० वॅट उष्णता काढणारा द्या' असे मागता येईल. गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमता घ्यावी. तेवढी राखीव ठेव असली म्हणजे लाटेच्या दिवसांत यंत्राला धाप लागत नाही. काही परदेशी पत्रकांत क्षमता बीटीयूमध्ये दिलेली असते; ताशी एक बीटीयू म्हणजे ०.२९३ वॅट.

ज्यांच्या टाकीत मासे आधीच आहेत, त्यांनी ही बर्फाची कसोटी करू नये. अचानक गारठा त्यांना सोसत नाही. त्यांनी आपल्यासारख्याच आकाराच्या टाकीच्या वरील हिशेबाचा आधार घ्यावा आणि थोडे हात राखून अधिक क्षमता धरावी.

यंत्राचे दोन कुळ

पहिला प्रकार थर्मोइलेक्ट्रिक. १८३४ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्तिए यांना आढळले की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते. याच तत्त्वावर हे छोटे यंत्र चालते. त्यात कॉम्प्रेसर नाही, वायू नाही, म्हणून ते लहान आणि स्वस्त असते. पण वीज खाते पुष्कळ आणि काम करते थोडे. वीस-पंचवीस लिटरच्या टाकीला ते चालून जाईल. वरील १३३ वॅटच्या ओझ्यासाठी त्याला कित्येक शे वॅट वीज अखंड द्यावी लागेल.

दुसरा प्रकार कॉम्प्रेसरचा, म्हणजे घरच्या फ्रीजचाच भाऊ. शंभर लिटरच्या वरील टाकीला हाच योग्य. हायलिया, रेसन, बोयू या चिनी आणि टेको या इटालियन बनावटीची यंत्रे या वर्गातील. नाव कोणतेही असो, चार गोष्टी पाहाव्यात. समुद्री टाकी असेल तर पाण्याला स्पर्श करणारी नळी टायटॅनियमची असावी. खाऱ्या पाण्यात तांबे विरघळून झिंगे व प्रवाळ यांना विषासारखे बाधते. आत कोणता वायू आहे ते विचारावे. आर-१३४ए असल्यास फ्रीज दुरुस्त करणारा स्थानिक कारागीरही हाताळू शकतो. यंत्रातून तासाला किमान आणि कमाल किती लिटर पाणी वाहावे हे पत्रकात दिलेले असते. आपला पंप त्या मर्यादेत बसला पाहिजे. आणि पाणी आधी फिल्टरमधून गाळून मगच चिलरमध्ये जावे, नाहीतर नळ्यांत गाळ साचतो.

पावतीची किंमत आणि पाच वर्षांची किंमत

बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना आम्ही यंत्राच्या दरपत्रकाइतकेच त्याच्या चालू खर्चाकडे पाहत असू. त्याच रीतीने दोन काल्पनिक यंत्रांची तुलना करू. वरील टाकीसाठी दिवसाकाठी काढावयाची उष्णता दोघांनाही सारखीच आहे.

पहिले यंत्र २२,००० रुपयांचे. ते १६० वॅट वीज घेते, पण क्षमता कमी असल्याने दिवसाचे २२ तास चालते. रोजचा वापर ३.५२ युनिट. दुसरे ३०,००० रुपयांचे. ते २६० वॅट घेते, परंतु ९ तासांत काम उरकते. रोजचा वापर २.३४ युनिट. रोजचा फरक १.१८ युनिट. उन्हाळ्याचे १२० दिवस आणि युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला सुमारे १,४१६ रुपये आणि पाच वर्षांत ७,०८० रुपये. आठ हजारांचा फरक जवळजवळ भरून निघाला. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे. शिवाय दुसऱ्या यंत्राला दिवसातून पंधरा तास विसावा मिळतो, तर पहिले दुपारच्या भरात मागे पडते. कारण त्याची उष्णता काढण्याची ताकद जेमतेम १२० वॅट आणि गरज १३३ वॅटची.

येथे आणखी एक बारकावा आहे. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढेल तसा युनिटचा दर चढतो. चिलरची युनिटे नेहमीच्या वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. आपल्या बिलावरील सर्वांत वरचा दर पाहूनच हा हिशेब करावा.

खर्च कमी करण्याचा फुकट उपायही आहे. खोली ३४ अंश आणि पाणी २६ अंश असता फरक आठ अंशांचा होतो. माशांना २७ अंश चालत असतील आणि तेवढेच ठेवले, तर खोलीतून शिरणारी उष्णता सुमारे आठव्या हिश्शाने कमी होते. टाकीच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्मोकोलची पाटी लावली तर आणखी घट होते.

नाणे वाजवून घ्यावे

विश्वासार्हता पत्रकात छापलेली नसते. ती तपासावी लागते. विक्रेता तयार असेल तर पिंपाची कसोटी करावी, जुने यंत्र घेताना तर अवश्य. मोजून ६० लिटर पाणी पिंपात घ्यावे, पंप जोडून चिलर तासभर चालवावा. पाणी ४ अंशांनी उतरले तर यंत्राने २४० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २८० वॅट दराने उष्णता काढली. सोबत प्लगमध्ये लावायचा वीजमापक ठेवला तर त्यासाठी वीज किती लागली तेही कळते. ज्या विक्रेत्याला ही कसोटी खटकते, त्याच्या दाव्याचे मोल आपोआप ठरते.

दुरुस्ती कोठे होते, आपल्या गावात की मुंबईला पाठवावे लागते, सुटे भाग किती दिवसांत येतात, हे आधी विचारावे. यंत्राचा क्रमांक लिहिलेले जीएसटी बिल घ्यावे. बिलाविना मिळणारी सूट हमीच्या वेळी महागात पडते. आणि खरेदी कार्तिक-मार्गशीर्षात करावी. मे महिन्यात धावाधाव म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. त्या वेळी ना पसंतीला वाव असतो, ना भावाला.

यंत्र बसवण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. चिलर पाण्यातली उष्णता नाहीशी करीत नाही. ती, अधिक स्वतः खाल्लेली वीज, खोलीत टाकतो. आमच्या सोसायटीतील एका कापड व्यापाऱ्यांच्या घरी नवा चिलर टाकीखालच्या बंद कपाटात बसवला होता. चार दिवसांत तो अखंड धापू लागला आणि पाणी मात्र २९ अंशांखाली येईना. यंत्र सदोष समजून परत करण्याची बोलणी सुरू होती. कारागिराने कपाटाची मागची फळी काढली आणि चिलर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. संध्याकाळपर्यंत पाणी २६ अंशांवर आले. दोष यंत्रात नव्हता, आपलीच गरम हवा ते पुन्हा पुन्हा गिळत होते. मागच्या जाळीवरील धूळ दर दोन महिन्यांनी मऊ ब्रशने झाडावी, तिचाही परिणाम असाच होतो.

विजेच्या बाबतीत कंजूषी नको. पाणी आणि वीज शेजारी असल्याने ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा. वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळलेले थेंब प्लगमध्ये न जाता तेथून गळतील. दाब कमी-जास्त होत असेल तेथे स्टॅबिलायझर हवा, आणि वीज आल्यावर कॉम्प्रेसर तीन मिनिटांनी सुरू होईल अशी सोय असावी.

वीज गेली तर

कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज मागतो. घरचा साधा इन्व्हर्टर ती देऊ शकेलच असे नाही. म्हणून इन्व्हर्टरवर चिलर न ठेवता हवेचा पंप ठेवावा. माशाचा जीव प्रथम प्राणवायूत आहे, गारव्यात नंतर. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-चार बंद बाटल्या गोठवून ठेवाव्यात. एक लिटर बर्फ वितळून टाकीच्या पाण्याइतका होईपर्यंत सुमारे शंभर किलोकॅलरी शोषतो. १९० लिटरच्या टाकीत तेवढ्याने अर्धा अंश उतरतो. एका वेळी एकच बाटली सोडावी. त्या दिवशी खाद्य निम्मे करावे किंवा देऊच नये. एक दिवसाच्या लंघनाने निरोगी मोठा मासा मरत नाही, कुजलेल्या खाद्याने मरतो.

ज्यांना हा सारा खर्च आणि ही दगदग झेपणार नाही, त्यांनी चिलर न घेता आपल्या हवेला मानवणारे मासे थोडक्या संख्येत ठेवावेत, किंवा आहेत तेवढे मासे आयुष्य पुरे करीपर्यंत नीट सांभाळून नवे आणू नयेत. त्यात कमीपणा काही नाही. आंथरूण पाहून पाय पसरण्याची शिकवण आपण मुलांना धंद्यात देतो. घरात आणलेल्या जिवाच्या बाबतीत ती अधिकच लागू आहे, कारण येथे तोटा झाला तर तो भरून देता येत नाही.